शनी दाखवण्याची पूर्वतयारी

तीर्थरूप हेर्मेलिंदाताईस,

तुझ्या धाकट्या बाउदिलियोचा, खुर्चीवरून न उठता केलेला साष्टांग नमस्कार. (उठायची सोय नाही. कारण पुढे येईलच.) तुझे गुडघे कसे आहेत? आन्कुदला पाऊस कसा आहे हे विचारत नाही, कारण तो थांबला असता तर तू गावभर फोन केले असतेस. शेगडीचं धुरांडं साफ करून घेतलंस का? बटाटे लावायला माणसं मिळाली का? परवा स्वप्नात तुझ्या हातचे बटाट्याचे मिल्काओ आले, चांगले चरबीत थबथबलेले, आणि मी खायला तोंड उघडणार तोच नोलास्कोने दार वाजवलं. तुझी मेंढरं, तुझी तब्येत आणि तुझा राग (तो म्हणजे तब्येत चांगली असल्याची खूण, असं भावोजी म्हणायचे) सगळं जागच्या जागी असेल अशी आशा आहे. इकडे सर्व क्षेम. म्हणजे आत्तापर्यंत क्षेम. पुढचं स्क्रीनवरची निळी पट्टी उजव्या टोकाला पोचली की सांगतो. फोन का केला नाही असं विचारशील, तर फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस.

प्रकार असा आहे. माझ्यासमोर टेबलावर लॅपटॉप आहे. लॅपटॉपातून एक केबल निघून दुर्बिणीच्या रिमोटमध्ये शिरली आहे, रिमोटमधून दुसरी निघून दुर्बिणीच्या मोटरवाल्या स्टँडमध्ये, आणि स्टँडातून तिसरी भिंतीतल्या प्लगमध्ये. रिमोटच्या डोक्यातला जुना प्रोग्रॅम (त्याला फर्मवेअर म्हणतात, मलाही नुकतंच कळलं) पुसून त्याजागी नवा भरला जातो आहे. हे चालू असताना कशालाही हात लावायचा नाही, वायर हलू द्यायची नाही आणि वीज तर अजिबात जाऊ द्यायची नाही, असं ला सेरेनाच्या दुकानदाराने मला दोनदा बजावलं. ताई, तू मला ओळखतेस. उभं आयुष्य पाटकरी म्हणून गेलं. पाटाच्या या दाराकडून त्या दाराकडे चालायचं, ज्याची पाळी त्याला पाणी सोडायचं, भांडणं ऐकायची आणि पुढच्या दाराकडे निघायचं. अशा माणसाला हाताची घडी घालून एका पट्टीकडे बघत बसवणं म्हणजे छळ आहे. टेबलाखाली माझे पाय कधीचे चालताहेत. हातांना काहीतरी उद्योग हवा म्हणून पत्राला बसलो. अक्षर हललेलं दिसलं तर पायांचा दोष समज.

दुर्बीण तीच, भावोजींची. तू ट्रकने पाठवलीस तेव्हा लिहिलं होतंस की हिला नीट ठेव आणि उगाच उचकटू नकोस. मी उचकटलेली नाही. भावोजींनी बिचाऱ्यांनी चिलोएसारख्या बेटावर बसून एवढी महागाची दुर्बीण घेतली आणि जन्मभर तिच्यातून पाऊस पाहिला. एकदा ढग फाटून चंद्र दिसला होता, तो त्यांनी आम्हाला पुढे किती नाताळांना ऐकवला! आपल्या दरीत मात्र आभाळ रोजच उघडं, तेव्हा यंत्राचं इथे सोनं होईल असं तुला वाटलं असेल, मलाही वाटलं. पण मागच्या आठवड्यात मी रिमोटवर शनीचं बटण दाबलं, तर दुर्बिणीने मोठ्या दिमाखात अर्धी फेरी मारली, मान खाली घातली आणि माझ्या कोंबड्यांच्या खुराड्यावर येऊन थांबली. वर रिमोटच्या पाटीवर अक्षरं उमटली, शनी सापडला. कोंबड्याही दचकल्या. दुकानदार फोनवर म्हणाला, प्रोग्रॅम जुना झालाय, नवा घाला. इतकं सरळ आहे हे. यात सुनिल्दाबाईंचा काहीएक संबंध नाही.

(सुनिल्दाबाई कोण, असं तू विचारणारच. पाटाच्या पलीकडे, वरच्या उतारावर राहणाऱ्या शिवणवाल्या बाई. विधवा आहेत. सप्टेंबरच्या अठराव्या तारखेच्या राष्ट्रीय सणाला गावातल्या मुली झालरीचे फ्रॉक घालून क्वेका नाचतात, ते सगळे फ्रॉक त्यांच्या मशीनवरचे. माझ्या पँटची शिवण उसवली म्हणून गेलो होतो. शिवण खरंच उसवली होती.)

तर त्या दिवशी बाई तोंडात टाचण्या धरून म्हणाल्या, कुठून कुठून माणसं विमानाने येतात आमचं आभाळ बघायला, आणि मी इथे जन्मून कधी त्या नळीला डोळा लावला नाही. आता तर निघायची वेळ आली. त्यांचा मुलगा फ्लोरिआन आन्तोफागास्ताला खाणीत आहे. आईने एकटीने राहू नये म्हणून तो त्यांना कायमचं तिकडे नेतोय. सण झाला की लगेच त्याचा ट्रक येणार. हे ऐकलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, शुक्रवारी संध्याकाळी चहाला या, शनी दाखवतो, कड्यासकट! आज तो शुक्रवार. तुझ्यापासून काय लपवायचं? शनी दाखवून झाला की मी त्यांना एक गोष्ट विचारणार आहे. गोष्ट ठरली आहे, शब्द ठरायचे आहेत. ट्रक एकदा वर चढला की विचारण्यासारखं काही उरणार नाही, आणि तो चढायचा आहे या विचाराने मी बरेच दिवस एका जागी बसलेलो नाही. आजच काय तो बसलोय, तोही केबलमुळे.

नोलास्को आठवतो ना? शेजारचा, शाळेत तुझ्या वेणीला काटे चिकटवायचा तोच. आता केस गेले आहेत, खोड्या आहेत. त्याला हा सगळा खटाटोपच मान्य नाही. "अरे, तो काय शनी, डोंगरावर पिवळाधमक दिसतोय," म्हणाला. "नळी ढकल हाताने, नेम धर आणि दाखव. तुझा आजोबा बंदुकीने कोल्हे मारायचा, तेव्हा त्याच्याकडे रिमोट होता काय?" मी म्हटलं, बाईंसमोर मी घामाघूम होऊन नळी ढकलत बसू? त्या येतील, खुर्चीवर बसतील, मी बोटाने एक बटण दाबीन, मशीन आपलं आपण वळेल, आणि मी मोकळा. हात मोकळे, तोंड मोकळं. बोलायला तेवढाच वेळ मिळतो. यावर तो म्हणाला, "बाउदी, तुला बोलायला वेळ नको, छाती हवी." असल्या माणसाला मी काल मदतीला बोलावलं, ही माझी अक्कल.

बोलवावं लागलं, कारण हे काम दोन हातांचं नाही. रिमोटवरचं शून्य आणि आठ ही बटणं एकदम दाबून धरायची आणि ती दाबलेली असतानाच वीज चालू करायची. बटणं एकमेकांपासून अशा अंतरावर की एक हात पुरत नाही. आणि वीज चालू करायला, बनवणाऱ्याच्या मते, माणसाला तिसरा हात असतो. त्यात या लॅपटॉपला हवी तशी खाचच नाही. नोलास्कोच्या भाच्याच्या खाणीतल्या ऑफिसातून एक जोडकेबल आली, तीही पहिल्यांदा उलटी लावली. शेवटी मी बटणं दाबली, नोलास्कोने वीज चालू केली, पट्टी सरकायला लागली, आणि आम्ही दोघं म्हातारे पाळण्यात पोर झोपल्यासारखे कुजबुजत बोलायला लागलो. अर्धी पट्टी झाली असेल. नोलास्को हळूच म्हणाला, "चहा टाकतो." मी मान हलवली. ताई, मी मान हलवली! किटलीचं बटण दाबलं, खोलीतला फ्रिज एकदा कण्हला आणि फ्यूज उडाला.

वीज परत आली तेव्हा रिमोट काळाठिक्कर. अर्धं डोकं जुनं, अर्धं नवं, मध्ये काहीच नाही. नोलास्कोने टोपी काढून छातीशी धरली आणि म्हणाला, "गेला. चांगला होता." मी त्याला घराबाहेर काढला. दुकानदार मात्र म्हणाला, मरत नाही तो, पहिल्यापासून पुन्हा भरा. म्हणून आज दुपारी फ्रिज बंद, किटली कपाटात कुलूपबंद, रेडिओ बंद, आणि नोलास्को खिडकीबाहेरच्या बाकावर. बटणं दाबताना मी प्लगचा स्विच पायाच्या अंगठ्याने चालू केला. (या वयात हे जमलं याचा मला अभिमान आहे. कंबर अजून दुखते आहे.) नोलास्कोला आत यायची बंदी असली तरी त्याच्या तोंडाला नाही. दर थोड्या वेळाने विचारतो, "सरकली का?" सरकली, म्हणतो मी. "केवढी?" आता केवढी म्हणून काय सांगू! मुंगीसुद्धा वाटेत थांबून विचार करत नसेल इतकी ही पट्टी करते.

थांब. बाहेरून कर्ण्याची गाडी चालली आहे. ऐकतो.

ताई, घात झाला! लाईन दुरुस्तीसाठी वरच्या आळीची वीज थोड्याच वेळात बंद होणार, असं ओरडत गेली ती. वरची आळी म्हणजे पाटाच्या अलीकडचे आम्ही! पट्टी अजून पाऊण. मला उठता येत नाही, बसवत नाही. लिहीत राहतो, नाहीतर वायर उपटून टाकीन.

नोलास्को खिडकीतून ओरडला, "बाउदी, आला रे शिडीवाला! खांबाला लावतोय!" मी म्हटलं, थांबव त्याला. तो म्हणाला, कसा? मी म्हटलं, "कसा म्हणून मला विचारतोस? जन्मभर माझा वेळ खाल्लास, आज त्याचा खा!" तो गेला. आता मला खिडकीतून दोघांच्या फक्त टोप्या दिसताहेत. नोलास्कोने शर्ट वर केला आहे. म्हणजे पित्ताशयाच्या ऑपरेशनची गोष्ट काढली. ही लांबते, मी तीन वेळा ऐकली आहे आणि एकदाही शेवटापर्यंत पोचलो नाही. शिडीवाला एक पाय शिडीवर ठेवून उभा आहे. आता त्यानेही शर्ट वर केला! त्याचंही ऑपरेशन झालंय! देव आहे, ताई. पट्टी टोकाला आली. अगदी टोकाला. आता तिथेच उभी आहे. का उभी आहेस बाई? सरक ना.

झालं. रिमोट उजळला आणि मी खुर्चीसकट उडालो. पाठोपाठ वीज गेली, पण आता तिला कोण विचारतो! संध्याकाळी गाडीच्या बॅटरीवर चालवीन, नोलास्को काढून देतोय. मोटारही त्याचीच. त्याच्याबद्दल वर जे लिहिलं ते अर्धंच खरं धर.

नवा प्रोग्रॅम मात्र सगळं विसरून आला आहे. बॅटरीला जोडल्याबरोबर विचारतो, तुम्ही कुठे राहता? (मी! या दरीत!) त्याच्या समजुतीप्रमाणे आपण उत्तरेतल्या कुठल्यातरी शहरात आहोत. मग विचारतो, उन्हाळी वेळ चालू आहे का? सरकारने मागच्याच आठवड्यात घड्याळं तासभर पुढे ढकलायला लावली, पण पाटाचं पाणी अजून जुन्या वेळेनेच सुटतं. अशा गावात काय उत्तर देणार? हो म्हटलं. आता अंघोळ, दाढी, आणि पाव आणायचा आहे. पाल्ता (पर्यटक ज्यांना अव्होकाडो म्हणतात ते) पिकलेत. तुझ्या आशीर्वादाची गरज आहे, तो उशिरा पोचला तरी मागच्या तारखेने लागू होईल असं समजतो. मेंढरांना कुरवाळ, गुडघ्यांना शेक दे.

तुझा, कधी नव्हे तो एका जागी बसलेला,
बाउदिलियो

ता. क. हे पत्र बसवाल्याकडे देणार होतो, पण काल बस चुकली. आज शनिवार, सकाळ. कालचं सांगतो. अंधार पडू लागला तसा मी अंगणात तयार. शनीकडे जाण्याआधी नव्या प्रोग्रॅमला एक ओळखीचा तारा दाखवावा लागतो, म्हणजे त्याला दिशा कळतात. त्याने यादीतून नाव सुचवलं, फोमालहाउट. नोलास्को म्हणाला, "हे नाव आहे की शिंक?" कुठे बघायचं तर पूर्वेला. पूर्वेला बघितलं तर एकच तेजस्वी, शांत, पिवळट तारा. आपल्या दरीत डोंगर कसे छाताडावर चढल्यासारखे उभे आहेत ते तुला आठवतंच. अंधारात डोंगर कुठे संपला आणि आभाळ कुठे सुरू झालं हे इथे जन्मलेल्यालाही कळत नाही. मी नेमाच्या छोट्या नळीतून तो बरोबर मध्ये आणला. (डोळा लावायचं मोठं भिंग दव बसू नये म्हणून खिशात ठेवलं होतं. इथेच चुकलं.) बटण दाबलं. रिमोटने अभिनंदन केलं. आणि ताई, तारा विझला.

असा विझला, फट्‌दिशी. लाखो वर्षं जळणारी वस्तू मी बटण दाबल्याबरोबर संपली, आता वर्तमानपत्रवाले येणार, परदेशी शास्त्रज्ञ येणार, आणि आजच्या संध्याकाळचं काय! मी ओरडलो, "नोलास्को, तारा मेला! माझ्या डोळ्यांदेखत मेला!" तो तोंडात पाव कोंबत आला, डोंगराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पाव घशात अडकेपर्यंत हसला. "अरे गाढवा, तो सुनिल्दाबाईंच्या ओसरीवरचा दिवा. बाई घरून निघाल्या. शर्ट खोच!"

ता. क. दुसरं. बाई पपईच्या वड्या घेऊन आल्या. स्वतःसाठी शिवलेला निळा झगा होता. मशीनला खरा तारा दाखवायचं गडबडीत राहूनच गेलं. चहा झाला, पाव-पाल्ता झाला, मी अंगणात नेऊन त्यांना खुर्चीवर बसवलं आणि ठरल्याप्रमाणे बोटाने एक बटण दाबलं. दुर्बीण गुरगुरत वळली, अगदी माझ्या मनात होती तशी, आणि सरळ त्यांच्या अंधारातल्या घरासमोर जाऊन थांबली. शनी सापडला. बाई म्हणाल्या, "हे तर माझं घर." भिंतीपलीकडून नोलास्को म्हणाला, "बाई, मालक तिकडे बघून बघून मशीनलासुद्धा सवय लागली!" मला जमिनीने गिळलं असतं तर मी तिचे आभार मानले असते. बाई उठल्या, झग्याच्या बाह्या सारल्या. मी स्टँडचा खटका सैल केला, आणि आम्ही दोघांनी मिळून नळी हातांनी ढकलत, एकमेकांच्या पायावर पाय देत, तो पिवळा ठिपका भिंगात आणला.

त्यांनी डोळा लावला. मग म्हणाल्या, "एवढासाच? मी फ्रॉकला याहून मोठ्या टिकल्या लावते." पण डोळा काढला नाही. नळी हळूहळू सरकून शनी भिंगाबाहेर गेला असणार, कारण मोटर बंद होती, तरी काढला नाही. मी या पायावरून त्या पायावर. तशाच वाकलेल्या त्या म्हणाल्या, "बाउदिलियो, विचारायचं ते आत्ताच विचारा, माझं तोंड नळीत आहे तोवर. नोलास्कोने सगळ्या आळीला सांगितलंय." ठरवलेले सगळे शब्द पळाले. मी म्हटलं, "तुमच्या मुलाचा ट्रक रिकामा परत गेला तर चालेल का?" त्या म्हणाल्या, "परत रिकामा जाऊ दे. पण आल्यावर त्याला काम आहे. माझं मशीन ओतीव लोखंडाचं आहे, ते उतारावरून इथे खाली आणायला ट्रक लागेलच."

ता. क. तिसरं आणि महत्त्वाचं. वर रिमोट, केबल, फर्मवेअर वगैरे बरंच लिहिलं आहे, ते वाचलं नाहीस तरी चालेल. मूळ काम पुढेच आहे. फ्लोरिआन फोनवर म्हणाला, आमच्या घरची रीत आहे, नवरी तरुण असो नाहीतर आजी, मागणी घालायला नवरदेवाकडचं वडीलधारं माणूस समोर यायला हवं. मला तुझ्याशिवाय वडीलधारं कोण आहे? सणाआधी निघ. प्रवास लांबचा आहे, गुडघ्यांना उशी घे. आणि एक. बाईंनी मला विचारलं, तुमच्या ताईंना हे पसंत आहे का? मी म्हटलं, पसंत काय, ताईच दोन वर्षं माझ्या मागे लागली आहे, सारखी लिहिते की कुणीतरी शोध. त्यांना फार बरं वाटलं. तेव्हा आल्यावर तसं वाग. मला जे काही ऐकवायचं असेल ते विकुन्याच्या बसस्टँडवरच ऐकवून घे, मी लवकर येऊन उभा राहीन, पाहिजे तेवढा वेळ घे. पण घरी पोचल्यावर नको. मी त्यांना सांगून बसलोय की माझी ताई कधी रागावतच नाही.